रोझेटाचा जुना नंबर

किराणा दुकानाबाहेरचा तंबू निळा होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फोन फुकट'. रोझेटाला खरं तर फोन नको होता, फक्त सावली हवी होती. मिसिसिपीच्या त्या सपाट मुलखात मे महिन्यातच ऊन असं तापतं, की सावली दिसली की माणूस ती कुणाची हे विचारत नाही.

"फोन हवाय, की नुसतीच सावली?" टेबलामागच्या तरुणानं विचारलं.

"का? सावलीलाही कार्ड लागतं?"

"सावली फुकट. फोनही फुकट, पण त्याला सरकारी धान्याचं कार्ड लागतं. आहे? मग झालं! बिल सरकार भरतं. घरटी एक फोन, महिन्याला अडीचशे मिनिटं. इथं सही करा."

रोझेटानं हात मागे घेतले. ती मासे कापायच्या कारखान्यातून थेट आली होती. कितीही साबण लावला तरी बोटांचा वास जात नसे.

"वास येईल," ती हळूच म्हणाली.

"मी नदीकाठचा आहे, बाई. माशाचा वास आला नाही तर मला जेवण जात नाही." आणि त्यानं पेन तिच्या हातात दिलं. द्यायला जरा... जास्तच वेळ लावला.

मग फोन चालतो की नाही हे बघायला त्यानं आपल्या फोनवरून तिचा नंबर फिरवला. दोघं समोरासमोर उभे, दोघांच्या कानाला फोन.

"हॅलो, मिस रोझेटा? मी कॉर्डेल. समोर उभा आहे तो."

"दिसतोय."

"मिनिटं चाललीत बरं का. आलेल्या फोनचीही जातात."

"मग ठेवा की."

कुणीच ठेवला नाही.

तंबू पुढच्या गावाला गेला, मग त्याच्या पुढच्या. पण कॉर्डेलचा फोन रोज संध्याकाळी यायचा. विसाव्या तारखेच्या आसपास तिची मिनिटं संपायची आणि फोन मुका व्हायचा. मग ती पहिल्या तारखेची वाट बघायची. कारखान्यातल्या बायका चिडवायच्या, "अगं, पगारासाठी आम्ही एवढ्या झुरत नाही!"

सप्टेंबर लागला, तेव्हा तो स्वतःच आला. हातात गरम टमाल्यांचा, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांचा पुडा होता. चर्चच्या पायरीवर बसून दोघांनी मक्याच्या पानांतून वाफाळलेले घास काढून खाल्ले.

"तंबू सोडला मी," तो म्हणाला. "नदीवर चाललोय. मालाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर काम मिळालंय. फोन कंपनीचा होता, तो परत द्यावा लागला." थोडा वेळ तो पानाची घडी घालत बसला. "रोझेटा, माझ्याशी लग्न करशील?"

तिनं तोंड उघडलं—

"थांब. आत्ता नको. नदीवरच्या माणसाची बायको म्हणजे महिना महिना एकटीचं घर. माझ्या आईनं तसेच दिवस काढलेत. तू नीट विचार कर. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्या संध्याकाळी मी फोन करीन. हो असेल तर उचल. नसेल तर... वाजू दे. मी पुन्हा विचारणार नाही, दारातही येणार नाही. शब्द देतो."

"आणि आत्ताच हो म्हटलं तर?"

"तर मी ते ऐकलंच नाही," तो हसला. तीही हसली. किती गोड वाटला तिला त्याचा तो हट्ट!

चूक झाली ती पंधरवड्यानं. दुकानाबाहेर आता पिवळा तंबू होता. कंपनी दुसरी, फोनही दुसरे, मोठ्या पडद्याचे. त्यात फोटो स्पष्ट दिसायचे. रोझेटाकडे कॉर्डेलचा एकही फोटो नव्हता. पुढे त्यानं पाठवला, तर तो फोटो बघणार कशात? तिनं विचारलं, "नंबर तोच राहील ना?"

"तोच, तोच. करा सही." तंबूतल्या माणसानं मान वर करूनही बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत जुना फोन मेला आणि नव्यावर भलताच नंबर आला. घरटी एकच फोन, हा सरकारचा नियम. दुसरीकडे सही केली की पहिला आपोआप बंद. कारखान्यातल्या निम्म्या बायकांनी हेच केलं होतं आणि कुणाचंही काही बिघडलं नव्हतं, कारण नवा नंबर कुणाला सांगायचा हे त्यांना ठाऊक होतं. रोझेटानं कुणाला सांगायचा? ती धावत परत गेली, तर तंबू उठलेला. कंपनीतली बाई म्हणाली, गेलेला नंबर परत मिळत नाही. बोटींच्या कचेऱ्यांत विचारलं, तर त्यांचा एकच प्रश्न, "बोट कोणती?" ते तिला माहीत नव्हतं.

मग ती रोज आपलाच जुना नंबर फिरवू लागली. रोज तेच उत्तर यायचं, 'हा नंबर सेवेत नाही.' आणि नोव्हेंबरच्या मध्यावर एक दिवस... पलीकडे घंटा वाजली.

"कोण?" आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. "जरा मोठ्यानं बोल, पोरी!"

तिचं नाव मिस ओडेसा. दोन तासांवरच्या गावात एकटी राहायची. तिलाही तंबूतूनच फोन मिळाला होता, आणि त्यात रोझेटाचा नंबर आला होता.

रोझेटानं रडत रडत सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी तो फोन माझ्याकडे येणार?" म्हातारी हरखलीच. "काळजी सोड. मी सांगीन, अरे गाढवा, ती हो म्हणतेय, हा घे तिचा नंबर! चालेल?"

"गाढवा नका म्हणू, मिस ओडेसा."

"बरं, ते मनात म्हणीन. पण मला सांग, दिसायला कसा आहे?"

रोझेटानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला, नंबर नीट लिहून घेतलाय ना हे विचारायला. म्हातारी म्हणाली, "लिहिलाय गं. ते पेन हातात दिल्याचं परत सांग ना." रोझेटाच्या नव्या फोनला मिनिटं भरपूर होती. कितीतरी दिवसांनी त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलता येत होतं. मग रोजच बोलणं होऊ लागलं, अगदी भाजी करपेपर्यंत.

थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी घरात मक्याच्या पावाचा आणि टर्कीचा वास भरला होता. रोझेटा न जेवता फोन मांडीवर घेऊन बसली. फोन वाजला नाही. अंधार पडल्यावर तिनं जुना नंबर लावला.

'या ग्राहकाची मिनिटं संपली आहेत.'

तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तेव्हा तिच्या लक्षात आलं. येणाऱ्या फोनचीही मिनिटं जातात. म्हातारीची सगळी मिनिटं तिनंच खाल्ली होती, रोज थोडी थोडी, कॉर्डेलच्याच गोष्टी सांगत. आणि या घटकेला तो कुठल्यातरी धक्क्यावर, कुणाचा तरी फोन मागून, हेच वाक्य ऐकत असेल... किंवा ऐकून झालं असेल, आणि त्यालाच तो 'नाही' समजला असेल.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, नवी मिनिटं मिळाल्याबरोबर, सकाळीच मिस ओडेसाचा फोन आला.

"पोरी, माझा फोन बुधवारपासून मुकाच होता बघ. बटणं दाबून दाबून दमले. माझ्या हातून काही बिघडलं का गं? त्या मुलाचा फोन माझ्यामुळे तर नाही ना चुकला?"

रोझेटाच्या मनात आलं, घरात ही बाई एकटी, आणि उरलेलं आयुष्य ती हाच प्रश्न स्वतःला विचारत बसणार.

"नाही, मिस ओडेसा," ती म्हणाली. "त्यानं फोन केलाच नाही. मला कळलं... दुसऱ्यांकडून. त्याचा विचार बदलला."

"मेला कुठला!" म्हातारीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिला खरा राग आला. "एवढी गुणाची पोर, आणि साधा फोन करवला नाही? असल्याचं नाव काढू नकोस. तुझ्या लायकीचाच नव्हता तो. म्हण बघू, नव्हता म्हणून!"

रोझेटानं खिडकीला कपाळ टेकलं.

"नव्हता," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल, पोरी, मला ऐकू येत नाही!"

"नव्हता," रोझेटा ओरडून म्हणाली. "तो माझ्या लायकीचाच नव्हता."