झेंडूच्या माळेला लाल दिवा

चौदाशे अंश तापलेल्या भट्टीला पारखीने हिरवा दिवा दिला होता आणि झेंडूच्या माळेला मात्र लाल. केतकीला हा शुद्ध अन्याय वाटला.

गोष्ट २०५८ सालच्या खंडेनवमीची. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत केतकीच्या सुनंदाआत्याचं वर्कशॉप होतं. पारखी हा तिथला सुरक्षा-यंत्रमानव. उंची कमरेएवढी, चाकं तीन आणि स्वभाव थेट गणिताच्या मास्तरांचा. त्याच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाल्याशिवाय तिथलं कुठलंच मशीन सुरू होत नसे.

खंडेनवमीला मशिनं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची आणि आरती झाली की लोखंड कातणारं थोरलं लेथ मशीन अर्धा मिनिट चालवायचं, अशी तिथली रीत होती. बटण दाबायचा मान घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मिळे. केतकी याच वर्षी अकराची झाली होती, त्यामुळे गेले तीन महिने घरात तिने दुसरा विषय काढू दिला नव्हता. आज वर्कशॉपमधल्या सगळ्यांत जुन्या बापूमेस्त्रींनी मशिनाला हातभर माळ घातली, आरती झाली, केतकीने बोट पुढे केलं आणि लाल दिवा लागला.

"चाळीस वर्सं मी हितंच माळ घालतोय," बापूमेस्त्री म्हणाले. मिशीतल्या मिशीत हसणारे बापू आज हसले नाहीत. "आजवर कुणाला खरचटलं बी न्हाई. आणि ह्यो डबा मला शिकवनार?"

"आत्या, भट्टीत लोखंडाचं पाणी होतं," केतकी म्हणाली. "ती चालते आणि फुलं चालत नाहीत?"

"त्यालाच विचार. पण रागावून नको, हिशेब मांडून विचार," आत्या म्हणाली.

पारखीने भिंतीवर आकडे उजळले. "मी जोखीम-मापन (धोका किती मोठा, ते ठरवण्याची रीत) करताना दोनच प्रश्न विचारतो. इजा झाली तर किती मोठी होईल? आणि ती होण्याचा संभव किती? दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. सहापर्यंत हिरवा दिवा. भट्टीची इजा भयंकर, म्हणून पाच. पण ओतकाम यांत्रिक हात करतो आणि माणूस जाळीपलीकडे असतो, म्हणून संभव एक. गुणाकार पाच."

"आणि माळेचा?"

"वीस."

केतकीला हसू आलं. मग पारखीने दाखवलं. माळ चकपासून (लेथचा फिरता जबडा, ज्यात लोखंडाचा तुकडा पकडतात) वीतभर अंतरावर लोंबत होती, वर पंखा गरगरत होता आणि चक सेकंदाला वीस फेरे घेणार होता. "माळ घसरली तर तुम्ही सगळे काय कराल?" त्याने विचारलं.

"सावरू. देवाची माळ खाली पडू द्यायची नाही," केतकी पटकन म्हणाली आणि तिचं लक्ष आपल्याच पुढे झालेल्या हाताकडे गेलं.

"म्हणून संभव चार. फुलं तुटतील, पण ती नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली आहेत. दोरा तुटणार नाही, हातच ओढला जाईल. म्हणून इजा पाच."

आत्याने सगळ्यांना जाळीमागे नेलं. पारखीने एका हातमोज्यात चिंध्या कोंबल्या, माळेचं एक टोक त्याच्या बोटांभोवती अडकवलं, दुसरं चकला टेकवलं आणि फक्त चाचणीपुरतं मशीन सुरू केलं. कुणाची पापणी लवायच्या आत माळ गेली आणि तिच्यामागे हातमोजा गेला. मशीन थांबलं तेव्हा चकभोवती पिवळा लगदा आणि पिळलेल्या चिंध्या होत्या.

बापूमेस्त्री खाली बसले. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. हातोडा बसला, असं ते सगळ्यांना सांगत.

"हातोडा न्हवता," ते म्हणाले. "विशीत हुतो, दुसऱ्या कारखान्यात. माळ घसरली, मी धरली. माझाच हात वेंधळा, असं समजून गप बसलो. लाज वाटायची."

"चूक हाताची नव्हती, मांडणीची होती," पारखी म्हणाला. "हात सावरायला जाणारच. म्हणून मांडणी बदलायची."

केतकीने डोकं खाजवलं. "मी हातमोजे घालते."

"फिरत्या मशिनाजवळ हातमोजा नको. तोच आधी अडकतो. आत्ता पाहिलंस ना?" आत्या म्हणाली.

"मग पाटी लावू, दूर उभे राहा म्हणून."

"संभव तीन, गुणाकार पंधरा," पारखी म्हणाला. "पाट्या लोक वाचतात आणि विसरतात. धोकाच काढून टाकता आला तर तो पहिला उपाय. नाही जमलं तर आडोसा. पाटी त्यानंतर."

"मंजे माळच नगं?" बापूंचा आवाज उतरला. केतकीला त्यांच्याकडे बघवेना. माळही राहायला हवी होती आणि बोटंही.

ती वर्कशॉपभर फिरली आणि मशिनाच्या विजेच्या मुख्य खटक्यापाशी थांबली. "बापूकाका, खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची असते ना? मग मशीन लगेच चालवायचंच कशाला? खटका बंद करू, त्याला कुलूप लावू आणि नवी माळ कुलपाला घालू. उद्या दसऱ्याला आधी माळ उतरवायची, मग कुलूप काढायचं, मग मशीन."

"म्हणजे आज तुझं बटण नाही," आत्याने आठवण करून दिली.

केतकीने बटणाकडे एकदा पाहिलं. "नाही."

पारखीचा दिवा लुकलुकला. "किल्ली कुणाकडे?"

"मशिनात ज्याचा हात, किल्ली त्याच्याच खिशात," केतकी म्हणाली. "म्हणजे दुसरं कुणी चालूच करू शकणार नाही."

"इजा पाच, संभव एक. भट्टीइतकेच," पारखी म्हणाला आणि दिवा हिरवा झाला. आत्याने केतकीचं किल्लीचं वाक्य वर्कशॉपच्या सुरक्षा-नियमांत (सगळ्यांनी मिळून पाळायच्या रीतींत) पहिल्या जागी लिहिलं आणि फक्त पूजेपुरतं नाही, वर्षभरासाठी लिहिलं.

दसऱ्याच्या सकाळी बापूंनी कुलपावरची माळ उतरवून देवापुढे ठेवली. किल्ली खिशात घालून त्यांनी चक पुसला, हात बाहेर काढला, सगळ्यांना जाळीमागे घेतलं आणि मग कुलूप काढलं. जाळीच्या अलीकडच्या बटणावर केतकीने बोट ठेवलं. मशीन घुमलं आणि अर्धा मिनिट घुमत राहिलं.

बापूंनी आपला पंजा तिच्या पंजाशेजारी धरला. अर्धी करंगळी त्यांनी आज लपवली नाही.

"माझी साडेनऊ, तुझी धा," ते म्हणाले. "फुडल्या खंडेनवमीला परत मोजू. तेवढीच भरली पायजेत."