एकाच दिशेचे ओरखडे

रुग्णवाहिका तिसऱ्यांदा भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा आत पेशंट होता. त्याला दुसऱ्या गाडीने दवाखान्यात पोचवलं. ही गाडी ओढून गॅरेजात आणली, आणि गॅरेज चालवणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याने शटर खाली खेचून आतून कुलूप लावलं.

"खरं कळेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. डिस्ट्रिब्युटर कुणीतरी फिरवलाय. बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत."

सगळे ड्रायव्हरकडे बघू लागले. नवी गाडी द्या म्हणून तो वर्षभर दवाखान्याच्या मागे लागला होता.

"वीस वर्षं चालवतोय हो," तो भिंतीला चिकटून म्हणाला. "तुम्ही दवाखान्याला असं कळवलंत, तर उद्यापासून मी घरी."

गाडी आणि भिंत यांच्यात हातभर जागा. पत्रा तापला होता. पंख्याने टेबलावरचे कागद उडू लागले, तसं धाकट्याने पितळी दातेरी चाक त्यांच्यावर सरकवलं.

दोघा भावांना हे काम शिकवणारी आत्या स्टुलावरून उठली.

"धाकट्या, डिस्ट्रिब्युटर काय करतो?"

"मी काय शाळेत आहे का?"

"माझ्यासमोर आहेस. सांग."

"ठिणगी वेळेवर पोचवतो. इंजिनातला कॅमशाफ्टचा दांडा त्याला गिअरने फिरवतो."

"कॅमशाफ्ट कधी बदललास?"

"दोन महिन्यांपूर्वी. पोलादी टाकला."

आत्याने इंजिनाचं तेल मोजायची डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल चमचमलं. चुंबक फिरवताच चमक त्याला चिकटली. मग तिने डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी टॉर्च धरला. खुणा एकेक करून मोजल्या आणि म्हणाली, "बाहेर काढ."

बाहेर आलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला असलेल्या गिअरचे दात झिजून सुरीच्या पात्यासारखे झाले होते.

"आता ऐका. बुडाशी सात-आठ ओरखडे आहेत. सगळे एकाच दिशेला, थोडे थोडे पुढे. गाडी बिघडवणारा एवढं मोजून फिरवेल? दात झिजले, ठिणगी उशिरा पडू लागली, आणि कुणीतरी ती दर वेळी सावरून घेत होतं."

"पण दात झिजले कशाने?" थोरल्याने विचारलं.

"पोलादी कॅमशाफ्टला पितळी गिअर लागतो. तो असता तर चुरा चुंबकाला चिकटला नसता. हा जुना, लोखंडी. पोलादाने याचे दात खाल्ले."

"मग पितळी कुठंय?"

आत्याने टेबलावरचं चाक उचललं. कागद गॅरेजभर उडाले.

धाकट्याचा चेहरा उतरला. "पितळी बसवायला डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला पिनेसाठी नवं भोक पाडावं लागतं, आत्या. कंटाळा केला. मग दर शनिवारी गाडी धुवायला आली, की डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवायचो. सांगायची लाज वाटली."

"आणि याची नोकरी जाताना बघत उभा राहिलास."

तिने थोरल्याकडून किल्ली घेतली, शटर वर केलं. ड्रायव्हर उजेडात गेला आणि खोल श्वास घेऊन तिथेच उभा राहिला.

"चूक आमची होती, हे दवाखान्याला थोरला स्वतः सांगेल," आत्या त्याला म्हणाली, आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

"ड्रिल घे, धाकट्या. भोक सरळ पडेपर्यंत तू आत, मी आत."