इथे कुणी राहत नव्हतं

वाळूत पालथा पडलेला माणूस मेलेलाच आहे, असं ट्वायलाला वाटलं होतं.

एप्रिल सरत आला होता. एक तांबडी कालवड कुंपण मोडून उत्तरेच्या कुरणात पसार झाली होती आणि तिच्या मागावर ट्वायला ह्रुश्का घोड्यावरून निघाली होती. नेब्रास्काच्या त्या भागात जिकडे बघावं तिकडे टेकड्याच टेकड्या. पोटात नुसती वाळू, वर गवताचं पातळ पांघरूण. ते पांघरूण कुठे फाटलं, की वारा आत शिरतो, वाळू उकरत सुटतो आणि बघता बघता टेकडीला भगदाड पडतं. तशाच एका भगदाडाच्या काठावर तो पडला होता. गाल जमिनीला टेकलेला, हात पसरलेले, टोपी कुठल्या कुठे उडालेली.

ती घोड्यावरून उतरली. "अहो... जिवंत आहात का?"

"जरा थांबा," तो मान न हलवता म्हणाला. "उतार बघतोय."

"बघा, बघा. इथे साप असतात, शेपटी वाजवणारे. त्यांनाही हाच उतार आवडतो."

तो ताडकन उठून उभा राहिला. भुवयांत वाळू, एका गालावर गवताच्या काड्यांचे वळ. ट्वायलाला हसू आवरेना, आणि तो मात्र रागावण्याऐवजी तिच्याकडे असा काही बघत राहिला की, तिलाच घोड्याचा लगाम उगीच नीट करावा लागला...

त्याचं नाव ओवेन प्रिचर्ड. पेन्सिल्व्हेनियातून आलेला, गोल्फची मैदानं आखणारा. ते उत्तरेचं कुरण तिच्या वडिलांनी, एमिल ह्रुश्कांनी, त्याच हिवाळ्यात एका कंपनीला विकलं होतं. छातीचं दुखणं झाल्यापासून त्यांना घोड्यावर बसवत नव्हतं आणि एकट्या पोरीवर एवढा कळप टाकायला मन धजत नव्हतं. घरही त्याच सौद्यात गेलं होतं. मात्र एमिल जिवंत आहेत तोवर बापलेकीने तिथेच राहायचं, असं ठरलं होतं.

कालवड त्या दिवशी ओवेनलाच आधी दिसली. म्हणून, तिला हाकून परत आणल्यावर, त्याला जेवायला घरी बोलावणं भागच होतं. निदान ट्वायलाने स्वतःची समजूत तशी घातली.

एमिलनी त्याला भाजलेलं मांस वाढलं, बिटाचं लोणचं वाढलं आणि मग उलटतपासणी घेतली. डोंगर कुठून कापणार, माती किती हलवणार, यंत्रं किती आणणार... ओवेन म्हणाला, जवळपास काहीच नाही. वाऱ्याने आणि पावसाने हजारो वर्षं जे घडवलंय त्यातच खेळ दडलेला असतो, तो फक्त शोधायचा. आणि ती भगदाडं तर मुळीच बुजवायची नाहीत. गोल्फला अडथळे म्हणून लागतात ते वाळूचे असे खड्डे माणसाच्या हातून होणे नाही.

एमिल बराच वेळ चावत राहिले. हयातभर त्यांनी त्या भगदाडांत जुने टायर आणि कुजका चारा टाकला होता, भोवती तारा ठोकल्या होत्या, गवत धरावं म्हणून वाट पाहिली होती.

"म्हणजे मी जन्मभर जे बुजवत आलो," ते शेवटी म्हणाले, "ते हा उघडं ठेवणार आणि लोक विमानाने येऊन त्यात चेंडू घालणार." मग त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. पोरगा त्यांना आवडला होता.

पुढे तो उन्हाळाभर टेकड्या तुडवत राहिला आणि ट्वायलाला त्या बाजूला रोज काही ना काही काम निघू लागलं. ती त्याला दाखवायची – हिवाळी वारा कुठून येतो, बर्फ कुठे साठतं, लांब चोचीचा तो पक्षी कुठे अंडी घालतो. तो तिला दाखवायचा ते तिने जन्मभर पाहूनही पाहिलं नव्हतं. ज्या घळीत गुरं हरवतात म्हणून ती वैतागायची, तिच्या तोंडाशी उभं करून त्याने म्हटलं, "आता चेंडू मारायला उभं असल्यासारखं बघ." तिने पाहिलं. घळ एकदम उलगडली, दोन्ही टेकड्या बाजूला झाल्या, टोकाला गवताची एक बशी उन्हात चमकत होती. तिच्या अंगावर काटा आला. हे तिने त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं.

"मग तू नक्की करतोस काय?" ती चिडवायची. "जमीन देवाची, खड्डे वाऱ्याचे, वाटा आमच्या गुरांच्या."

"मी हात खिशात ठेवतो."

"त्याचा पगार मिळतो?"

"फार अवघड काम आहे ते," तो म्हणाला आणि तिच्या कपाळावरची बट बाजूला केली. "बघ ना... आत्ताच जमलं नाही."

जूनमध्ये एकदा गारांनी त्यांना उघड्यावर गाठलं. दोघं धावत त्याच्या पिकअपमध्ये शिरले. टपावर असा ताशा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. तो काहीतरी म्हणाला. तिने कान जवळ नेला. तो पुन्हा म्हणाला आणि तिला पुन्हा ऐकू आलं नाही – किंवा ऐकू आलं नाही असं तिने दाखवलं. मग बोलायची गरजच उरली नाही. ओल्या कपड्यांचा वास, धुरकटलेल्या काचा, त्याच्या ओठांवर पावसाची चव... गारा थांबल्या तरी बराच वेळ कुणी दार उघडलं नाही.

गावात कुजबूज झाली, हॉटेलातल्या बायांनी ट्वायलाला कॉफीबरोबर टोमणेही वाढले. तिने ते गोड मानून घेतले. त्या मुलुखात माणसं प्रेमाचं नाव तोंडाने घेत नाहीत. कुंपणाच्या कामाला न बोलावता आलं, की समजायचं. ओवेन कुंपणाला आला. ऑक्टोबरात वासरं वेगळी करायला आला. एमिलना छातीत कळा आल्या तेव्हा दवाखान्यापर्यंत गाडीही त्यानेच हाकली.

एमिल दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत गेले. जमीन एवढी गोठली होती की, थडगं खणायला दिवस लागला.

कुरणावर नवं गवत रुजलं होतं, चेंडू घालायच्या होलांवर झेंडे तेवढे लागायचे होते. घर आता कायद्याने कंपनीचं. ट्वायलाला ते ठाऊक होतं. पण पाडायची कुणाला घाई दिसत नव्हती आणि ओवेन म्हणाला होता, काळजी करू नकोस, मी बोलतो. म्हणून ती निवांत राहिली. घराभोवती देवदारांच्या दोन रांगा होत्या. ट्वायला पोटात असताना तिच्या आईने, लुडमिलाने, ती रोपं लावली आणि भांड्यांचं, आंघोळीचं पाणी बादलीने वाहून जगवली. जिथे आपणहून एक झुडूप उगवत नाही तिथे ती झाडं छपराच्या वर गेली होती. आई गेली तेव्हा ट्वायला शाळेत होती. आईचा आवाज तिला आता आठवत नसे, पण वारा सुटला की त्या झाडांचा आवाज घरात यायचा आणि तेवढ्यावर तिचं भागायचं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी ती गावातून परतली तर घरासमोर बुलडोझर उभा होता. चालवणारा गस म्हातारा ओळखीचा. त्याने टोपी काढली आणि म्हणाला की, सामान हलवेपर्यंत घर पाडायला तो थांबेल, घाई नाही, आज फक्त झाडं पाडायची आहेत.

"कुणी सांगितलं?"

गस गोंधळला. "ओवेननेच. कंपनीचे मालक म्हणत होते राहू दे हवं तर, पाहुण्यांना जुनं घर आवडतं. पण त्यांनी ते ओवेनवर सोडलं. मला वाटलं, तुला..."

ओवेन तिला चौदाव्या होलच्या टेकडीवर सापडला. ती एवढ्या वेगाने चढली होती की, आधी तिला बोलताच येईना. त्यानेही तिचा चेहरा पाहिला आणि हातातला आखणीचा खुंट खाली ठेवला.

"आज संध्याकाळी सांगणार होतो," तो म्हणाला.

"झाडं पाडल्यावर?"

"ट्वायला, इथून बघ." त्याने तिचे खांदे हलकेच धरून दक्षिणेकडे वळवले. "मैलभर एकही रेघ सरळ नाही. आणि मग ते छप्पर, आणि दोन रांगा. नजर तिथेच जाऊन अडकते. सगळ्या मैदानावर मी एकही टेकडी हलवली नाही. पण ती झाडं इथली नाहीत. तुझ्या आईने आणून लावली."

"मलाही तिनेच आणलं इथे."

त्याने तिच्या खांद्यांवरून हात काढले.

मग तो भराभर बोलू लागला. पुढचं काम ओरेगॉनमध्ये होतं, समुद्रकाठी. त्याने तिथे घर बघून ठेवलं होतं, दोघांसाठी. अंगठी गाडीत होती, तीन आठवडे तो ती घेऊन हिंडत होता. घर तर नाहीतरी सोडायचंच होतं, तिथे आता उरलं होतं कोण... हे सगळं तो इतक्या कळवळून सांगत होता की, तिला त्याची दया आली. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात ती केव्हाच ओरेगॉनला पोचली होती, आणि मागे उरलं होतं ते एक रिकामं घर, दृश्याच्या आड येणारं.

"मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.

खालून गसने यंत्र सुरू केल्याचा आवाज आला; तिने थांब म्हटलं नव्हतं, म्हणून.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," ओवेन म्हणाला.

"हं."

"आणि मग मला ती ठेवावी लागली असती."

यापेक्षा खरं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. ती टेकडी उतरून खाली आली. गसला तिने थांबवलं नाही. थांबवलं असतं तर आज वाचली असती ती झाडं. पण ती त्याच्या उपकारावर उभी राहिली असती आणि ते तिला नको होतं. तिने घरातल्या खुर्च्या बाहेर काढायला घेतल्या. ओवेन मदतीला आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की, राहू दे.

गावात जनावरांच्या डॉक्टरकडे तिला काम मिळालं, वरच्या मजल्यावर खोलीही. ओवेन दोनदा जिन्याखाली येऊन उभा राहिला. ती खाली आली, उभ्या उभ्या बोलली, परत वर गेली. तिसऱ्यांदा तो आला नाही.

जूनमध्ये मैदान उघडलं. सगळ्या गावाला बोलावणं होतं. ट्वायलाने जायचं नाही ठरवलं होतं आणि तरी गेली. चौदाव्याच्या टेकडीवर लांबून आलेले पाहुणे हातात पेले घेऊन उभे होते. दक्षिणेकडे आता टेकडीमागे टेकडी, गवत लाटांसारखं हलत होतं. सुंदर होतं. तिने प्रामाणिकपणे पाहिलं, आणि ते सुंदर होतं.

तिच्या शेजारच्या बाईंना तर भरून आलं होतं. "विचार करा," त्या ओवेनला म्हणाल्या, "इथे कधी कुणी राहिलंच नाही. म्हणूनच हे असं उरलं."

ओवेनने ट्वायलाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. दोन शब्द पुरले असते – नुसतं ह्रुश्का हे नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. बाई हसून उत्तराची वाट बघत होत्या. ओवेनने नजर खाली घातली आणि म्हणाला, "वारा फार असतो इथे."

ती गाडीपाशी पोचली तेव्हा तो मागून धावत आला होता. दार त्याने धरून ठेवलं. दम लागलेला होता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "ते तरी खरं मान."

"मानते," ती म्हणाली. "माझंही आहे."

तिने हे पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला, आणि तिने तो पडू दिला. मग त्याची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, दार ओढून घेतलं आणि गाडी गावाच्या रस्त्याला घातली.