दोन लांब, एक आखूड

पटो न पटो, हे घडलंय. १९४८ चा नोव्हेंबर. नेब्रास्कातलं, मक्याच्या शेतांमधलं आमचं एवढंसं गाव. माझ्या आल्मा आत्याचं घर.

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या गावात तारेला होते. साऱ्या घरांना मिळून टेलिफोनची एकच तार. घंटी तेवढी प्रत्येकाची निराळी. आल्माची दोन लांब, एक आखूड. पण घंटी कुणाचीही वाजो, बाकीचे हळूच फोन उचलून ऐकायचे. सगळ्यांना ठाऊक, कबूल मात्र कुणीच करायचं नाही.

महिन्यापूर्वी आल्माची धाकटी बहीण हेडा विहिरीत मेलेली सापडली. नवरा क्लाइड म्हणाला, पाय घसरला. आल्माला ते पटेना.

“साक्षीदार आण,” शेरीफ म्हणाला.

साक्षीदार कुठून आणणार? क्लाइड फोन काढून, घराला कुलूप घालून गावाबाहेर निघून गेला.

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी आल्मा बटाटे सोलत होती.

घंटी वाजली... दोन लांब, एक आखूड.

तिने फोन उचलला. नेहमीसारखं खट् झालं... मग आणखी एक खट्... आणखी एक. शेजारी ऐकायला आले होते.

आणि मग...

“आल्मा? अगं, उचल ना... तो दार तोडतोय.”

हेडाचा आवाज.

आल्माच्या हातातली सुरी गळून पडली.

“आल्मा घरात नाहीये का? मग तुम्ही कुणीतरी या ना! मला माहितीये, तुम्ही ऐकताय...”

कुणी बोललं नाही. नुसते श्वास. मागे कुठेतरी घड्याळातलं लाकडी पाखरू ओरडलं. तसलं घड्याळ गावात एकाच घरी होतं, बर्थाकाकूंकडे.

सकाळी आल्मा त्यांच्या दारात उभी राहिली.

“काकू, हेडा गेली तेव्हा मी चर्चमध्ये होते. तिचा फोन तुम्ही ऐकलात ना?”

बर्थाकाकूंना रडू फुटलं. “मला वाटलं, दुसरं कुणी जाईल. बोलले असते तर चोरून ऐकते हे गावभर झालं असतं गं.”

“आता तरी शेरीफला सांगा.”

“बाकीचे सांगणार असतील तर सांगते.”

बाकीचेही हेच म्हणाले. क्लाइड सुटला तो सुटलाच.

त्या संध्याकाळी पुन्हा घंटी... पुन्हा खट्, खट्, खट्.

“आज तरी बोला रे कुणीतरी!” आल्मा रडत ओरडली.

एकेक फोन खाली ठेवल्याचे आवाज आले. तार अगदी शांत झाली.

मग अगदी कानाशी...

“आल्मा, तू तरी ठेवू नकोस.”

आता घरोघरी वेगळी तार आहे. आत्याचा जुना फोन नुसता भिंतीवर लटकतो, त्याला तारच नाही. तरी दिवेलागणीला ती तो कानाला लावून बसते. “आहे गं, इथेच आहे,” म्हणत राहते. वाईट वाटतं फार.

मी भेटायला जातो, पण अंधार पडायच्या आत निघतो. मागच्या खेपेला मात्र उशीर झाला. मी दारात बुटांच्या नाड्या बांधत होतो.

आत घंटी वाजली.