आठशे ग्रॅम

पेइ-वनची पाठ धरली ती नेमकी एका परक्या दुकानाच्या दारात, आणि तीही अशा अवतारात की बघणाऱ्यानं आधी घरातली माणसं मोजून घ्यावीत. अंगात पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. अंत्ययात्रेपुढे वाजवत चालणाऱ्या बँडचा हा पोशाख तैवानात शेंबडं पोरही ओळखतं. पायाशी ठेवलेली पेटी उचलायला म्हणून ती वाकली आणि तशीच राहिली. त्या घरातल्या गेलेल्या माणसाला नमस्कार करायला आल्यासारखी, कमरेत काटकोन करून.

आतून कुणीतरी बाहेर आलं. तिला फक्त सपाता दिसल्या, आणि हातातली कानस.

"आमच्याकडे कुणी गेलेलं नाही हं," तो जपून म्हणाला. "आजोबा आत जेवतायत."

"पाठ," ती जमिनीला उद्देशून म्हणाली. "पाठ धरलीये माझी. जरा… उभं करता का?"

त्यानं कानस खिशात घातली आणि आपला हात तिच्यापुढे आडवा धरला. ओढू नका म्हणाला, नुसतं टेका. पितळेच्या पॉलिशचा आणि तेलाचा वास येणारा तो हात धरून ती तसूतसूनं वर आली. त्यामुळे तो तिला हप्त्याहप्त्यानं दिसला: आधी सपाता, मग डागाळलेला एप्रन, मग हनुवटी, आणि सगळ्यात शेवटी डोळे. भुवयांवर पितळेचा कीस बसला होता. आता अशा वेळी माणसानं आभार मानावेत की नाही? तिनं आधी त्या भुवया बघून घेतल्या.

त्यानं तिची पेटी उचलली आणि त्याचाच श्वास अडकला. "यात काय आहे? माणूस?"

"नाही. माणूस मागच्या गाडीत असतो," पेइ-वन म्हणाली.

तो हसला, आणि हे सगळं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

त्याचं नाव आ-काइ. होउली गावात गल्लीगल्लीत सॅक्सोफोन घडतात, त्यातल्याच एका गल्लीत त्याच्या आजोबांचा हा छोटा कारखाना. पेइ-वन चांगहुआहून थेट कामावरून निघून त्यांचाच पत्ता शोधत आली होती. पेटीत बॅरिटोन सॅक्सोफोन होता, तिच्या आईचा. छातीपासून गुडघ्यापर्यंत पोचणारं ते जाडजूड धूड गळ्यात अडकवून आईनं वीस वर्षं रस्ते तुडवले. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि वाद्य पेइ-वनच्या गळ्यात आलं. आता पाठीच्या मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पाच किलोच्या वर अंगावर काही घ्यायचं नाही. बँड आत्याचा. आत्यानंही स्पष्ट सांगून टाकलं होतं: पुढच्या मोठ्या यात्रेत तू मधेच वाकलीस, तर तुझ्या हातात झांजा आणि सॅक्सोफोन गिऱ्हाइकाच्या हातात. आत्या दुष्ट नव्हती. भावजयीसारखी भाचीचीही पाठ रस्त्यावर मोडलेली तिला बघायची नव्हती, एवढंच.

आजोबांचा पपनस तोलायचा लटकता काटा होता. आ-काइनं वाद्य त्याला टांगलं. सहा किलो नऊशे.

"आणि ही पेटी जवळजवळ तेवढीच," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही एक वाद्य वाजवता आणि दोन वाहता."

पेटी त्यानं त्याच दिवशी बाद केली आणि जुन्या रजईची, दोन पट्ट्यांची पिशवी शिवून दिली. मग तपासायला म्हणून तिला वाजवायला सांगितलं. तिनं वरपासून खालपर्यंत सूर वाजवले आणि शेवटी सगळ्यात खालचा सूर लावला, तेव्हा खिडकीची काच थरथरली. आ-काइनं खाली वाकून पडलेला पान्हा उचलला. हे काम एका दिवसाचं नाही, म्हणाला. दर गुरुवारी या, थोडं थोडं काढत जाऊ.

आणि ती जाऊ लागली. गुरुवारी सराव नसे. दोन बस, एक रेल्वेगाडी, पाठीवर पिशवी. एकदा त्यानं चाव्यांवरच्या पितळी जाळ्या काढून पातळ तारेच्या बसवल्या, एकदा भोंग्याच्या काठाचं जाड कडं उतरवलं. सत्तर ग्रॅम, पन्नास ग्रॅम… भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा आणि विजयी मुद्रेनं तिच्याकडे बघायचं, हा त्याचा ठरलेला उद्योग. गळ्यातला पट्टा तर त्यानं फेकूनच दिला. त्याऐवजी डोंगर चढणाऱ्यांच्या पट्ट्यांतून एक साज बनवला, वजन मानेवरून कमरेवर उतरवणारा. तो तिच्या कमरेला आवळून बघताना गडी सारा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. तिनं विचारलं, "आज तारीख काय?" तर त्याला सांगता येईना.

आजोबा आल्याचा रस घातलेलं रताळ्याचं गरम सूप द्यायचे. ती ते फिरत फिरत प्यायची.

"तुम्ही बसत का नाही कधी?" आ-काइनं एकदा विचारलं.

"बसले की पाठ ओरडते. उभी राहिले की पाय."

"आणि चाललं की?"

"चाललं की… जरा बरं असतं."

त्या दिवसापासून तो तिला स्टेशनपर्यंत चालत सोडायला येऊ लागला. पिशवी त्याच्या खांद्यावर. स्टेशन जवळ होतं म्हणून लांबचा रस्ता घ्यायचा. एका गुरुवारी इतका लांबचा घेतला की गाडी चुकली, आणि दोघांपैकी एकालाही त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

बाकीचे सहा दिवस मात्र पेइ-वनचे हाल विचारू नका. कशात म्हणून लक्ष लागेना. झांजवाल्याच्या जागी जाऊन उभी राहायची, भात लावून विसरायची. आत्या म्हणाली, पाठीचं दुखणं मेंदूत चढलेलं मी पहिल्यांदाच बघतेय. दुखणं पाठीचं नाही हे पेइ-वनला कळत होतं, पण सांगायचं काय? तो माणूस दर आठवड्याला माझं पन्नास ग्रॅम वजन कमी करतो आणि जीव मात्र जड होत जातो, असं?

सातव्या आठवड्यात आत्याच्या गल्लीतल्या शाओ आजी गेल्या. वय सत्त्याण्णव. एवढं पिकलेलं मरण म्हणजे दुःखापेक्षा सोहळाच, त्यांची वार्ता गुलाबी कागदावर निघाली. पणतवंडांसकट घराणं जमणार, घरापासून टेकडीवरच्या स्मशानापर्यंत दीड तासाची यात्रा. आजींनी जिवंतपणीच बजावून ठेवलं होतं, मला पोचवताना निरोपाची जुनी धून हवी, पूर्ण हवी. यात्रा शनिवारी. आत्यानं पेइ-वनकडे नुसतं बघितलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं.

गुरुवारपर्यंत थांबवेना. बुधवारीच ती होउलीला जाऊन थडकली. आ-काइ कुठे बाहेर गेला होता. आजोबांना तिनं सगळं सांगितलं, शनिवारपर्यंत पाच किलो व्हायलाच हवं म्हणाली. आजोबा भोळेपणानं म्हणाले, "मग अडलंय कुठं? सामान तर महिन्यापूर्वी, चंद्राच्या सणालाच तयार झालंय. दोन दिवसांत केलं पठ्ठ्यानं, जेवायलासुद्धा उठला नाही. त्या खणात बघ."

तिनं खण उघडला. आत कागदाच्या पुड्या ओळीनं लावलेल्या होत्या. अॅल्युमिनियमचे दांडे, पातळ चाव्या, पोकळ केलेले स्क्रू. प्रत्येक पुडीवर एकेका गुरुवारची तारीख. नऊ गुरुवार बाकी होते, थेट नववर्षापर्यंत. शेवटच्या पुडीवर तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: यानंतर काय काढू?

आधी तिला हसू आलं. मग पाठीतून कळ आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आ-काइ दारात आला तेव्हा ती खणापाशी उभी होती, हातात पुडी. त्याचे कान लाल झाले.

"हे सगळं तयार होतं?"

"हो."

"मग बसवलं का नाहीस?" ती पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होती आणि दोघांनाही ते कळलं.

"बसवलं असतं तर… तुझं येणं संपलं असतं."

दुसरी कुठली वेळ असती तर ती या वाक्यावर विरघळली असती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. "माझ्या वाद्याचं वजन तू ग्रॅमग्रॅमनं मोजलंस. दर गुरुवारी ते पाठीवर घालून मी दोन बस आणि एक गाडी करते. घरी गेल्यावर दोन दिवस मला वाकून चप्पल घालता येत नाही. ते वजन कुठल्या काट्यावर टांगलंस तू?"

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ते माझ्या ध्यानातच आलं नाही," तो म्हणाला. "गुरुवारी तू येतेस एवढंच मला दिसायचं. ओझं घेऊन येतेस हे… माझं चुकलं, पेइ-वन. फार चुकलं."

मग तो कामाला बसला. नऊ आठवड्यांचं काम तीन तासांत केलं. ती कारखान्यात येरझाऱ्या घालत राहिली. एकदाही त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून दहादा बघितलं. शेवटी वाद्य काट्याला टांगलं. पाच किलो आठशे.

"आठशे ग्रॅम," ती म्हणाली. "अजून आठशे."

"एक जागा आहे." त्यानं भोंग्याच्या गळ्याभोवती एक लाल धागा बांधला. "हा गळा एवढा लांब केलाय तो फक्त त्या सगळ्यात खालच्या एका सुरासाठी. धाग्यापासून कापून आखूड केला की नेमके पाच किलो. बाकीचे सगळे सूर राहतील. पहिल्या दिवसापासून माहिती आहे मला."

"मग पहिल्याच दिवशी का नाही कापलास?"

"त्या दिवशी तू तो सूर लावलास ना… माझ्या हातातून पान्हा पडला. मला जमेना. म्हटलं इकडून तिकडून आठशे ग्रॅम मिळतील." त्यानं करवत तिच्यापुढे ठेवली. "आता तू म्हणशील तसं. तुझी पाठ आधी."

पेइ-वन धाग्याकडे बघत राहिली. मग जे तिनं आत्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. निरोपाची धून त्याच सुरावर संपते. आईनं वीस वर्षं अख्ख्या गावाला त्या सुरावर पोचवलं. आणि आईची स्वतःची यात्रा निघाली तेव्हा धून त्या सुरापाशी आली आणि… पुढे काही नाहीच. वाजवणारी मागच्या गाडीत होती. ती शांतता तिच्या कानातून अजून गेली नव्हती. म्हणून तिनं वाद्य उचललं.

तिनं धागा सोडला, बोटाला गुंडाळला, पिशवी पाठीवर घातली आणि निघाली. गुरुवारचं नाव तिनं काढलं नाही, त्यानंही विचारायची हिंमत केली नाही.

शनिवारी सकाळी यात्रा निघाली. पहिला तास बरा गेला. कमरेचा साज चोख काम करत होता, हलक्या चाव्या बोटांखाली पळत होत्या. पण चढ लागला तसा पाठीत निखारा पेटला. पुलापाशी तिचं पाऊल चुकलं. पुढे चालणाऱ्या आत्यानं मान वळवून पाहिलं. पेइ-वन दात-ओठ खात ताठ झाली. अजून अर्धा तास होता, आणि तो सूर अगदी शेवटी.

तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी धापा टाकत आलं. काळा सदरा, हातात रजईच्या कापडाची रुंद झोळी. त्यानं काही न विचारता ती झोळी भोंग्याखालून घेतली आणि वर उचलून धरली.

"आठशे ग्रॅम माझ्याकडे दे," आ-काइ म्हणाला. "माझे हात मोकळे आहेत."

तोंडात वाद्य, ती बोलणार काय? तिला नुसतं एकदम हलकं वाटलं. तो तिच्या बाजूनं तिरका तिरका, खेकड्यासारखा चालू लागला. आता बँडच्या रांगेत परका माणूस चालत नाही, हा सगळ्याच बँडचा नेम. आत्या थांबली. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग डोक्यावरची आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर दाबली आणि पुन्हा पुढे चालू लागली. टोपी लहान होती. ती त्याच्या डोक्यावर कशीबशी टिकली.

टेकडीवर पोचले. धून शेवटाकडे आली, बाकीची वाद्यं एकेक करत थांबली. पेइ-वननं छाती भरून श्वास घेतला आणि तो सूर लावला. लांब, खोल, अजिबात न हलणारा. शाओ आजींची पणतवंडं बोलायची थांबली. झोळीच्या कापडातून तो सूर आ-काइच्या तळहातांत उतरला आणि त्याचे डोळे भरून आले. आत्यानं पाठ फिरवली होती, तिचे खांदे तेवढे हलत होते. सूर संपला तेव्हा पेइ-वनच्या कानातली तीन वर्षांची शांतताही संपली होती.

नंतर दोघं उतारावरून मागे रेंगाळले. वाद्य आता त्याच्या खांद्यावर होतं. तो दोनदा काही बोलायला गेला आणि दोनदा टोपी सारखी केली.

"आता काढण्यासारखं काही उरलं नाही," शेवटी म्हणाला. "म्हणजे… गुरुवारी यायचं तुला काही कारण नाही."

पेइ-वननं हात पुढे केला. बोटावर लाल धागा अजून तसाच होता.

"मी गुरुवारी येते," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं."