ठकूताईची न पेरलेली चूक

हलगी वाजायला लागली आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची सगळी हुशारी कुठे पळाली, ते कुणालाच कळेना.

ही गोष्ट मिरजेजवळच्या एका कॉलेजातली, आणि थोड्या पुढच्या काळातली. तेव्हा रिक्षा चालकाशिवाय धावत होत्या आणि कॉलेजच्या छपरावरची कौलंसुद्धा उन्हापासून वीज करत होती. माणसं मात्र होती तशीच होती. कुणी ठासून काही सांगितलं की ते त्यांना खरंच वाटायचं.

या खोडीवर औषध म्हणून प्राध्यापक वैजयंती घोरपडे यांनी कित्येक वर्षं खपून ठकूताई बनवली होती. ठकूताई म्हणजे शिकवणारं यंत्र. माणसाएवढी उंच, चाकांवर फिरणारी, चेहऱ्याच्या जागी पडदा आणि त्यावर दोन मिश्कील डोळे. पोरांनी तिला इरकली साडीचा पदरही गुंडाळला होता. पण तिचं काम जगावेगळं होतं. बाकीची यंत्रं चुका टाळण्यासाठी बनवतात, ही बाई चुका करण्यासाठीच बनवली होती! ती मोठ्या तोऱ्यात बोलायची, बोललेलं भिंतीवरच्या फळ्यावर उमटायचं, आणि बोलता बोलता ती मधेच एक चूक पेरायची. चूक म्हणजे खोटी माहिती नव्हे, तर चुकीचा निष्कर्ष (माहितीवरून काढलेला अर्थ). विद्यार्थ्यांनी लगेच बाकावरची घंटी दाबायची आणि काय चुकलं ते सांगायचं. यालाच चिकित्सक विचार (कुठलीही गोष्ट मानण्याआधी ती नीट तपासून पाहणं) म्हणतात.

आणि वर्ग तरी काय हुशार! ठकूताईने चूक केली रे केली की घंट्या वाजल्याच. प्रज्योत खाडे तर कॉलर ताठ करून सांगायचा, "मॅडम, आता आम्हाला कोण फसवतंय? इकडं चूक आली की तिकडं आपोआप बोट घंटीवर जातंय." आत्याचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं. आत्या म्हणजे घोरपडे मॅडमच. त्यांची भाची शाल्मली सहावीत होती. सकाळची शाळा सुटली की ती थेट आत्याच्या वर्गात यायची आणि ठकूताईच्या पायाशी सतरंजीवर ऐसपैस बसून गृहपाठ करायची. थंडीच्या दिवसांत तिला तीच जागा आवडायची.

पुढच्या शनिवारी विद्यापीठाची समिती येणार होती. वर्ग पाहून ती ठरवणार होती, की ठकूताईला सगळ्या कॉलेजांत पाठवायचं की कायमचं बंद करून कपाटात ठेवायचं. आत्याची सगळी मेहनत त्या एका तासावर टांगलेली होती.

आणि नेमकं त्याच सुमारास हे हलगीचं झालं. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. खिडकीबाहेर पोरांनी लेझमीचा सराव सुरू केला आणि हलगी अशी कडाडली की काचा थरथरल्या. ठकूताईचं बोलणं फळ्यावर ठळक दिसत होतं, तरी तासभर एकही घंटी बरोबर जागी वाजली नाही. प्रज्योत तर साध्या खऱ्या वाक्यावर घंटी दाबून बसला.

"गोंगाटानं लक्ष उडालं, दुसरं काय!" आत्या म्हणाली. "शनिवारी सराव बंद ठेवायला सांगते. झालं."

सगळ्यांना ते पटलं. शाल्मलीला पटलं नाही.

"आत्या, एक विचारू? हसू नकोस हं," वर्ग रिकामा झाल्यावर ती म्हणाली. "मी इथे बसते ना, तेव्हा ठकूताईच्या खालून माझ्या पायांवर गरम वारा येतो. मधूनमधून तो एकदम वाढतो. आणि रोज वारा वाढला की लगेच घंट्या वाजतात. आज वारा वाढला, पण घंट्या वाजल्याच नाहीत."

आत्या हसली नाही. उलट ती मटकन खुर्चीत बसली.

"तिच्या पोटात पंखा आहे," ती हळूहळू म्हणाली. "खरं वाक्य सांगायला तिला फारसे कष्ट पडत नाहीत. पण चूक असूनही बरोबर वाटेल असं वाक्य रचायचं म्हणजे तिच्या प्रक्रियकाला (यंत्राच्या गणित करणाऱ्या मेंदूला) फार राबावं लागतं. राबला की तो तापतो. तापला की पंखा जोरात फिरतो. आणि पंख्याचा आवाज होतो. मी आपली मागच्या काचेच्या खोलीत बसलेली. मला कसा ऐकू येणार?"

"म्हणजे पोरं चूक ओळखतच नाहीत? ती पंखा ऐकतात?"

"त्यांनाही ते माहीत नसेल गं. कान ऐकतो, बोट हलतं, आणि माणसाला वाटतं आपण विचार केला. एकदा चूक कुठे आहे ते कळलं, की ती काय आहे हे शोधणं सोपंच. चोर कुठल्या खोलीत शिरलाय ते सांगितल्यावर पकडायला अक्कल कशाला लागते?" मग तिने स्वतःलाच अडवलं. "पण थांब. हे झालं तुझं गृहीतक (अजून न तपासलेला अंदाज). माझंही एक आहे, गोंगाटानं लक्ष उडालं. हलगीच्या दिवशी जे घडलं ते दोन्हींत बसतं. मग खरं कुठलं, हे कसं ठरवायचं?"

शाल्मलीने पेन्सिल चावली. पुष्कळ चावली.

"असं काहीतरी करायचं, की तुझं खरं असेल तर एक दिसेल आणि माझं खरं असेल तर दुसरंच," ती म्हणाली. "ठकूताईला शेजारच्या खोलीत ठेवू. वर्ग एकदम शांत. बोलणं ध्वनिक्षेपकातून आणि फळ्यावर. तुझं खरं असेल तर शांततेत घंट्या वाजतील. माझं असेल तर नाही वाजणार, कारण पंखा ऐकूच येणार नाही."

"याला कसोटी म्हणतात," आत्या म्हणाली. "आणि शाले, मला मनापासून वाटतंय की तू चुकावंस."

शाल्मली चुकली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर चिटपाखरू नव्हतं आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण चुकीवर घंटी काही वाजेना. आत्याने विद्यार्थ्यांना सगळं सांगून टाकलं. वर्गाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपण हुशार आहोत असं समजून महिनोन् महिने मिरवायचं आणि शेवटी कळायचं की आपण पंख्याच्या तालावर नाचत होतो! प्रज्योतची कॉलर पार उतरली.

"मॅडम, एक बोलू का?" तो म्हणाला. "शनिवारी ठकूताईला वर्गातच ठेवू की. घंट्या वाजतील, समिती खूश, तुमचं काम फत्ते. कुणाला कळणार हाय?"

शाल्मलीला भीती वाटली की आत्या हो म्हणते की काय.

"मला कळेल," आत्या म्हणाली. "आणि तुम्हालाही. ठकूताई शेजारच्या खोलीतच राहील. आठवडा आहे आपल्याकडे. कंबर कसा."

मग खरी शिकवणी सुरू झाली. आत्याने आपल्या जुन्या पद्धतीवर सरळ काट मारली आणि घंटीला बंदी घातली. आता घाई नव्हती. प्रत्येक वाक्याला पोरांनी प्रश्न विचारायचे. हे तुला कसं कळलं? याचं दुसरं काही कारण असू शकेल का? आणि जे आपल्याला दिसलंच नाही, ते कुठं गेलं? पहिले दोन दिवस नुसता सावळागोंधळ होता. पोरं वैतागली, भांडली, खऱ्या वाक्यांवरही तुटून पडली. मग हळूहळू गाडी रुळावर आली. ठकूताई म्हणाली, "छत्र्या जास्त विकल्या जातात तेव्हा सर्दी वाढते, म्हणजे छत्रीने सर्दी होते," तर वर्ग आधी हसला आणि मग हवामानाचं कारण नीट सांगून मोकळा झाला. आत्या काचेच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांच्यातच बसायला लागली.

शनिवार उजाडला. समितीचे प्रमुख डॉ. हेर्लेकर पुढच्या बाकावर बसले. गंभीर माणूस, मिशीसुद्धा गंभीर. ठकूताईने कुठे चूक पेरली आहे, ते फक्त त्यांच्या हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर दिसत होतं. ठकूताईचा आवाज शेजारच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर आला. विषय होता नदीकाठची घरं. पेरलेली चूक आली आणि वर्गाने ती पकडली, पण जरा उशिरा, बरीच चर्चा करून. डॉ. हेर्लेकरांनी काहीतरी टिपून घेतलं.

ठकूताई पुढे म्हणाली, "कृष्णाकाठची शंभर वर्षांपूर्वीची घरं आजही भक्कम उभी आहेत. म्हणजेच पूर्वीचे लोक आजच्यापेक्षा मजबूत घरं बांधत."

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. नाझनीन मुजावरचा. एरवी ती सगळ्यांच्या नंतर घंटी दाबायची.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

डॉ. हेर्लेकरांनी पाटी पाहिली आणि मान हलवली. "इथे यंत्राने चूक पेरलेली नाही, बाळ."

"मी इथे चूक पेरलेली नाही," शेजारच्या खोलीतून ठकूताईही म्हणाली. "मी वाचलेल्या हजारो लेखांत हेच लिहिलं आहे."

आत्याने डोळे मिटून घेतले. नाझनीन मात्र उठून उभी राहिली.

"लिहिलं असेल. आमच्या आजोबांचं घरपण शंभर वर्षांचंच होतं, सर. पुरात गेलं. आमच्या गल्लीतली तसली कितीतरी गेली. मजबूत होती ती राहिली, कच्ची होती ती वाहून गेली. आज तुम्ही राहिलेलीच बघताय आणि म्हणताय, जुनी सगळी मजबूत होती. पडलेली घरं तुमच्या मोजणीत कुठं आहेत?"

उत्तर ठकूताईनेच दिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात तोरा नव्हता.

"माझ्याकडे पडलेल्या घरांची माहितीच नाही. मी फक्त उरलेली घरं पाहिली आणि सगळ्यांबद्दल बोलले. हा उरलेल्यांचा भ्रम आहे (जे टिकलं तेवढंच पाहून सगळं तसंच होतं असं समजणं). आजवर तुम्ही माझ्या पेरलेल्या चुका पकडत होता. ही माझी स्वतःची चूक आहे. ती मलाही माहीत नव्हती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रज्योत बाकावर चढून ओरडत होता, "नाझनीन, जिंकलीस!" आत्या हसत होती आणि डोळेही पुसत होती. डॉ. हेर्लेकरांनी पाटी बाजूला ठेवली आणि ती गंभीर मिशी चक्क हलली.

"मॅडम, यंत्राला हरवणारे विद्यार्थी घडवणारं यंत्र मी आज प्रथम पाहिलं," ते म्हणाले. "हे सगळ्या कॉलेजांत जाईल."

"जाईन, पण आधी एक काम आहे," शेजारच्या खोलीतून आवाज आला. "मला पडलेल्या घरांबद्दल शिकायचं आहे. कोण शिकवेल?"

वर्गातला एकूण एक हात वर झाला. शाल्मली त्या कॉलेजची विद्यार्थिनी नव्हती, पण तिने दोन्ही हात वर केले.