बारा आकड्यांची चाल

"दुसऱ्याच्या वाद्याची खुंटी पिळायची नाही. कधीच नाही. आणि पिळलीसच, तर दिवेलागणीच्या आत त्याच्यासमोर जाऊन सांगायचं. मध्ये रात्र पडू द्यायची नाही."

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई हे बोलल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शेजारी बसणाऱ्या मुलीला बाई "छान" म्हणाल्या, एवढ्यावरून तिनं त्या मुलीच्या व्हायोलिनच्या चारही तारा ढिल्या करून ठेवल्या होत्या. तेव्हा रडत रडत दिलेला शब्द तिनं पुढं वीस वर्षं पाळला. बाई गेल्या, पण त्यांनी लावून दिलेला दुसरा नेमही सुटला नाही. सकाळी तोंडात घास घालण्याआधी देवापुढं हात जोडायचे आणि चाळीस मिनिटं नुसते लांब, संथ स्वर वाजवायचे. ताप असो, पाहुणे असोत, नेम म्हणजे नेम.

आता अशा शहाण्या, नेमधर्माच्या मुलीच्या मनात पुन्हा खुंटी पिळायचं आलं कसं, तीच ही गोष्ट.

स्टुडिओच्या अरुंद जिन्यात ती वर चढत होती, पाठीवर व्हायोलिनची पेटी. तो खाली उतरत होता, काखेत कीबोर्ड आडवा धरून. मधल्या वळणावर दोघंही अडकले.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"मी आधी गेले तर तुमचा कीबोर्ड माझ्या पेटीसकट वर येईल."

"मग मी आधी."

"मग माझी पेटी तुमच्यासकट खाली जाईल."

त्यानं क्षणभर डोळे मिटले, मनात काहीतरी मांडलं, आणि कीबोर्ड उभा केला. "सुटलं!" असं काही आनंदानं म्हणाला की तिला हसूच आलं. तेवढ्यात वरून रेकॉर्डिंग करणारे काका ओरडले, "ए गणित्या! जिन्यात गणितं सोडवतोस होय रे? व्हायोलिनला वर येऊ दे!"

त्या जागी वादकांना वाद्याच्याच नावानं हाक मारायचे, म्हणून ती 'व्हायोलिन'. आणि तो बोटांनी सूर वाजवायच्या ऐवजी कॉम्प्युटरवर कोड लिहून पिकवायचा, म्हणून तो 'गणित्या'.

तिला आधी ते पटलंच नाही. "म्हणजे तुम्ही वाजवत नाही?"

"मी फक्त सांगतो. ते वाजवतं." त्यानं तिला खुर्ची ओढून दिली. स्क्रीनवर काळ्या पट्टीत चार ओळी. "हे बघा. पाचच स्वर वापरायचे. एका स्वरावरून फार लांब उडी मारायची नाही. आणि ठोक्याला सांगितलंय की दर चौथ्या वेळी मनातल्या मनात नाणं उडव. छापा आला तर जरा रेंगाळ."

त्यानं बटण दाबलं. संगीताच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या पट्ट्यांवर हिरव्या विटा भराभर उमटत गेल्या, एकेक वीट म्हणजे एकेक स्वर. आणि एक चाल सुरू झाली... अगदी साधी, पायऱ्या उतरून येणाऱ्या मुलीसारखी, मधेच थबकणारी.

तिच्या अंगावर काटा आला. "ही... पुन्हा वाजेल?"

"अगदी हीच. हा आकडा पाहिलात?" ओळीच्या शेवटी बारा अंकांची माळ होती. "हे बी. हेच पेरलं की हीच चाल उगवते. एक अंक इकडचा तिकडं झाला की वेगळंच झाड."

"कुठून आणलंत हे बी?"

तो कानापर्यंत लाल झाला. उत्तर दिलं काकांनी. "तिचा आकडा आहे तो. हात लावायचा नाही हं, व्हायोलिन!"

"तिचा... म्हणजे?"

काका नुसतेच मिशीत हसले. आणि बघा, इतका वेळ गोड वाटणारी ती चाल तिच्या कानात खड्यासारखी टोचायला लागली.

ती कोण, ते चारच दिवसांत कळलं. ज्या नृत्यनाट्यासाठी ही चाल होती, त्यातली नर्तकी. उंच, मोकळी, दारातून आली की खोली लहान वाटावी अशी. आल्या आल्या तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. "काय रे गणित्या, जेवतोस की नुसते आकडे खातोस?" आणि हा हसला. असा हसला की... जाऊ दे.

"ही आपली व्हायोलिन का?" नर्तकीनं विचारलं. "किती गोड आहे गं तू!"

गोड म्हणे! चिडता तरी यावं, तर तेही येईना. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

तसं त्याचं आपल्या व्हायोलिनशी वागणं काही कमी गोड नव्हतं. तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवायचा. तिचा एखादा स्वर ऐकून हात थांबवायचा आणि म्हणायचा, "हे मला लिहिता येत नाही." ती विचारायची, "काय लिहिता येत नाही?" तो म्हणायचा, "तुम्ही स्वर सोडायच्या आधी जे करता ना... ते." मग दोघंही उगाच दुसरीकडं बघायचे. पण दिवसातून एकदा तरी ती बारा आकड्यांची चाल वाजायचीच, आणि वाजताना तो डोळे मिटायचा. मिटलेल्या डोळ्यांसमोर कोण येत असेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

घरी सकाळी नेमाला बसली की संथ स्वरांच्या मध्ये तीच चाल बोटांत शिरायची. वीस वर्षांत पहिल्यांदा नेमात खोट आली. एकदा आई दाराशी येऊन म्हणाली, "आज तुझं व्हायोलिन कुणाशी भांडतंय गं?"

"कुणाशी नाही."

"मग जिंकू तरी दे बिचारीला," आई म्हणाली आणि निघून गेली. आयांना 'बिचारा' नव्हे 'बिचारी'च आहे, हे कसं कळतं कोण जाणे.

आणि तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नाचाची तालीम होती. दुपारी सगळे जेवायला खाली गेले, ती मागं राहिली. स्क्रीन उघडीच. बारा अंक तिच्याकडं बघत होते, बोटांत अंगठी मिरवणाऱ्या बाईसारखे.

एकदाच, तिनं मनाशी म्हटलं. एकदाच बघू, दुसरं झाड कसं उगवतं ते. तिनं आकडा पुसला आणि हाताला लागतील ते अंक ठोकले. हिरव्या विटा धडाधड जागा सोडून पळाल्या. वाजलं ते नुसतं भांड्यांच्या मांडणीवरून मांजर गेल्यासारखं.

जिन्यात पावलं वाजली. ती दचकली. सॉफ्टवेअर बंद करायला गेली, तर स्क्रीनवर प्रश्न आला, बदल जपून ठेवायचे? घाईघाईत तिनं 'हो' दाबलं.

चार वाजता त्यानं चाल लावायला बटण दाबलं, आणि एकच गोंधळ उडाला.

"तरी मी सांगत होतो!" काका कपाळावर हात मारून म्हणाले. "एकदा तरी रेकॉर्ड करून ठेव म्हणून. तर म्हणे, काका, आकडा आहे ना!"

"होता," तो पांढरा पडून म्हणाला.

"पाठ नाही?"

"फोन नंबर तरी कुणाचा पाठ असतो का काका आता?"

आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या धांदलीतही तिच्या मनात एक पणती लागली. तिचा आकडा याला पाठ नव्हता! पण पुढच्याच वाक्यानं ती विझली. तो म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार. जाताना मीच काहीतरी दाबलं असेन. उद्या सगळे येऊन उभे राहतील, आणि मी... चूक माझीच आहे."

काका नर्तकीला फोन करायला बाहेर गेले. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. समोरच्या दुकानदारानं पाटीचा दिवा लावायला हात वर केला होता.

"तुमची नाही," ती म्हणाली. "माझी."

तो स्क्रीनकडून तिच्याकडं वळला.

"आकडा मी बदलला. मुद्दाम. जपून ठेवायचं मात्र चुकून झालं."

"मुद्दाम?... का?"

"कारण तो तिचा होता." मध्ये रात्र पडू द्यायची नव्हती. "आणि तो वाजला की तुम्ही डोळे मिटता."

त्यानं स्क्रीनवरचे ते नवे अंक एकदा वाचले. मग खुर्ची ओढून समोर बसला. "तिचाच होता," तो शांतपणे म्हणाला. "खोटं नाही सांगणार. तीन वर्षांपूर्वी हसता हसता तिनं कॉम्प्युटरच्या आकड्यांच्या बटणांवर हात आपटला होता, त्यातून निघाला. तेव्हा मी तिच्यावर... होतो. तिला कधी कळलंच नाही. तिनं लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही मी कोडच लिहीत होतो."

"आणि आता?"

"आता डोळे मिटतो, कारण या चालीत एक जागा रिकामी वाटते. तिथं तुमचं व्हायोलिन कसं येईल, ते ऐकत असतो." तो ओशाळून हसला. "पण आता चालच नाही."

तिनं पेटी उघडली. गज ताणला आणि सुरू केलं. पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत सगळी चाल... जिचा तिनं पंधरा दिवस राग राग केला, ती तिच्या बोटांत स्वर न् स्वर बसली होती. माणूस ज्याचा द्वेष करतो ना, ते जपासारखं पाठ होतं.

तो धावत स्क्रीनकडं गेला आणि तिच्या मागून एकेक वीट हातानं मांडू लागला. मधेच थांबला. "इथं असं नव्हतं. इथं ठोका सरळ पडायचा. तू रेंगाळलीस."

तू. दोघांनाही ऐकू आलं, पण कुणीच दुरुस्त केलं नाही.

"माझ्याकडून असंच येतं," ती म्हणाली. "नाणं न उडवता."

"असू दे. तसंच असू दे." त्यानं माऊसवरचा हात काढला. "हे मला नाही मांडता येणार. उद्या तूच वाजव ना... प्रत्यक्ष. ती नाचेल, तू वाजवशील."

तिच्यासाठी! ओठांवर आलेलं 'नाही' तिनं गिळलं. "माझ्यावर रागावला नाहीस?"

"रागावलोय. फार. उद्या संध्याकाळी कुठंतरी बसून सविस्तर रागवावं म्हणतो. येशील?"

"आधी दहाला येते," ती म्हणाली. "शब्द."

काका दार ढकलून आत आले. एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं, आणि मिशीत हसत म्हणाले, "मिळाला वाटतं आकडा."

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी उठली. हात जोडले, चाळीस मिनिटं वाजवलं. संथ, लांब स्वर, मध्ये काही शिरलं नाही. आईनं विचारलं, "इतक्या लवकर कुठं?"

"एकजण नाचणार आहे. तिला साथ करायचं कबूल केलंय."

"तिला?" आईनं तिच्याकडं नीट बघितलं. "आणि भांडण?"

ती पायात चपला सरकवत हसली. नर्तकी उंच असेल, सुरेख नाचेल, सगळे तिलाच "छान" म्हणतील, कदाचित तोही. ते चालेल असं तिला अजून मुळीच वाटत नव्हतं. पण चारही तारा तिनं नीट लावल्या होत्या, दोनदा तपासल्या होत्या. पेटी पाठीवर घेऊन तिनं दार हलकेच ओढलं, आणि जिना उतरू लागली.